डिस्क बदलताना कॅलिपरचे बोल्ट नेमके किती आवळायचे

पुढच्या ब्रेकची डिस्क, म्हणजे रोटर, घरी बदलणं दिसतं तेवढं अवघड नाही. प्रत्येक चाकामागे चार बोल्ट सोडले की जुनी डिस्क मोकळी होते, नवी बसते आणि तेच चार बोल्ट परत लागतात. चूक होते ती या शेवटच्या टप्प्यावर. चारही बोल्ट सारखेच समजून, एकाच पान्याने, हाताला घट्ट लागेपर्यंत आवळले जातात. मग दोन बारीक बोल्टांचे आटे जातात आणि दोन जाड बोल्ट ढिले राहतात. कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग, गाडीला धरून ठेवतात ते हेच बोल्ट, त्यामुळे इथे अंदाजाने काम करू नका.

हा लेख पुढच्या चाकांच्या सरकत्या कॅलिपरसाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांना पुढे हाच प्रकार असतो. मागच्या चाकांना डिस्क असेल आणि हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर पिस्टन, म्हणजे कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या, आत घालण्याची पद्धत वेगळी आहे. ते काम या लेखावर विसंबून करू नका.

१. दोन प्रकारचे बोल्ट वेगळे ओळखा

कॅलिपरच्या मागच्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला हात घातला की दोन जोड्या सापडतात.

पहिली जोडी पिनच्या बोल्टांची. हे बोल्ट कॅलिपरची बॉडी दोन सरकत्या पिनांना धरतात. आकार बहुधा एम८ (म्हणजे ८ मिमी जाडीचा), डोक्याला १२, १३ किंवा १४ नंबरची गोटी (सॉकेट) लागते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांमध्ये वेगळा बोल्ट नसतो, पिनलाच ७ मिमीची ॲलन की लागते.

दुसरी जोडी ब्रॅकेटच्या बोल्टांची. ज्या चौकटीत ब्रेक पॅड बसतात ती चौकट, म्हणजे ब्रॅकेट, हे बोल्ट चाकामागच्या नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या जाड ओतीव भागाला, धरून ठेवतात. हे जाड असतात, एम१० ते एम१४, आणि डोकं बहुधा १७ किंवा १९ नंबरचं. ब्रेक दाबल्यावर फिरणारी डिस्क पॅडला आपल्याबरोबर ओढते. ती सगळी ओढ ब्रॅकेटवर आणि तिथून या दोन बोल्टांवर येते.

दोघांच्या टॉर्कमध्ये, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्या आकड्यात, तिप्पट ते जवळजवळ पाचपट फरक असतो. कोरोला अल्टिसच्या २००८ नंतरच्या पिढीत पुढच्या कॅलिपरच्या पिनचा बोल्ट ३४ न्यूटन-मीटरला आणि ब्रॅकेटचा १०७ ला आवळतात. त्याच काळातल्या होंडा सिव्हिकमध्ये हेच आकडे २३ आणि १०८ आहेत. म्हणजे ब्रॅकेटचे आकडे जवळजवळ सारखे, पण पिनच्या बोल्टांत बराच फरक. कोरोलाचा आकडा सिव्हिकच्या बोल्टाला लावला, तर तो दीडपट आवळला जाईल. म्हणून ‘सगळ्या गाड्यांना तेवढंच’ हा सल्ला ऐकू नका.

२. आकडे कागदावर उतरवल्याशिवाय पाना उचलू नका

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत चाकाच्या नटाचा आकडा बहुधा असतो, कॅलिपरचा नसतो. तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. मॉडेल, वर्ष आणि इंजिन तिन्ही जुळवून बघा, कारण एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलला वेगळे कॅलिपर असू शकतात. एवढ्या गोष्टी लिहून घ्या:

- पिनच्या बोल्टाचा टॉर्क
- ब्रॅकेटच्या बोल्टाचा टॉर्क
- डिस्कला धरणारा छोटा स्क्रू असेल तर त्याचा टॉर्क
- चाकाच्या नटाचा किंवा बोल्टाचा टॉर्क
- यातला कुठला बोल्ट एकदाच वापरायचा आहे का
- कुठल्या बोल्टाला लॉकिंगचं औषध, म्हणजे थ्रेडलॉकर, लावायचं आहे का

शेवटच्या दोन ओळी घाईत हमखास सुटतात. काही युरोपीय गाड्यांमध्ये टॉर्कच्या पुढे ‘अधिक ९० अंश’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे आधी ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळायचं आणि मग तेवढा कोन आणखी फिरवायचं. असा बोल्ट मुद्दाम ताणला जातो. मॅन्युअल नवा घ्यायला सांगत असेल तर जुना परत लावू नका.

एकक नीट वाचा. एकाच बोल्टाचा आकडा १०८ न्यूटन-मीटर, ८० फूट-पाउंड किंवा ११ केजीएफ-मीटर असा तिन्ही प्रकारे छापलेला असतो. यातले ८० घेऊन पाना ८० न्यूटन-मीटरवर लावला, तर बोल्ट पाव हिस्सा ढिला राहतो. उलट चूक झाली, म्हणजे १०८ फूट-पाउंडवर लावला, तर १४६ न्यूटन-मीटर पडतात. सूत्र सोपं आहे: १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, १ केजीएफ-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. सगळे आकडे आधीच न्यूटन-मीटरमध्ये करून ठेवा.

३. साहित्य

- दोन टॉर्क रेंच: साधारण १० ते ६० न्यूटन-मीटरचा तीन सुती (३/८ इंच) आणि ४० ते २०० चा चार सुती (१/२ इंच)
- सहा कोनी गोट्या, लांब दांडीचा पाना, पातळ फिक्स पाना
- जॅक, दोन जॅक स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, स्वच्छ फडकी
- ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस
- मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर, मॅन्युअल सांगत असेल तरच
- सी-क्लॅम्प, जाड तार, पेंट मार्कर

टॉर्क रेंच दोन का, तर क्लिकच्या रेंचवर (लावलेला आकडा आला की ‘क्लिक’ करणाऱ्या पान्यावर) त्याच्या कमाल आकड्याच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात भरवसा ठेवता येत नाही. २०० च्या रेंचने २३ न्यूटन-मीटर मोजायला गेलं की क्लिक उशिरा येतो किंवा जाणवतच नाही, आणि तोपर्यंत एम८ चा बोल्ट तुटलेला असतो. एकच घेण्याइतके पैसे असतील तर मोठा विकत घ्या आणि छोटा एका दिवसासाठी कुणाकडून तरी आणा.

बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्यावरून घसरते आणि कोपरे गोल करते, म्हणून सहा कोनीच घ्या.

४. गाडी उचलणं

जागा सपाट आणि पक्की हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडचा पाय एखाद्या सैल ब्लॉकवर खचू शकतो. खाली जाड फळी टाका. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा. मग उचला आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीचा बोल्ट जोर लावून कधीही सोडू नका. गाडी हलते आणि जॅक निसटतो.

चाक काढल्यावर स्टीअरिंग असं वळवा की कॅलिपरची मागची बाजू बाहेर येईल. पाना सरळ बसला तरच टॉर्क खरा मिळतो.

५. सोडताना

बोल्टांची डोकी आतल्या बाजूला असतात आणि तुम्ही बाहेर बसलेले असता. तुमच्या बाजूने पाहिलं तर ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. गोंधळून उलट जोर लावल्यामुळे चांगले बोल्ट तुटतात. डोक्यासमोर नजर नेऊन दिशा ठरवा.

कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने हे बोल्ट चांगलेच धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मागून आट्यांच्या टोकाशी टाका, पण पॅडवर शिंतोडा उडू देऊ नका. तेल शोषलेला पॅड फेकूनच द्यावा लागतो. डोक्यावर हातोडीचे तीन-चार ठोके दिले तर गंजाची पकड सुटायला मदत होते. मग लांब पाना घेऊन एकसारखा जोर लावा. टॉर्क रेंच सोडण्यासाठी वापरू नका, त्याचं मोजमाप बिघडतं. जवळ रबरी बूट आणि ब्रेकचा पाइप आहे, त्यामुळे ज्योतही नको.

पिनचा बोल्ट सोडताना बोल्टाबरोबर पिनही फिरू लागते आणि रबरी बूट पिळला जातो. पिनच्या सपाट बाजूंवर पातळ फिक्स पाना लावून ती धरून ठेवा. आवळतानाही हेच करायचं आहे.

सुटलेला कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबू देऊ नका. तारेने स्प्रिंगला बांधा. वरची आणि खालची पिन वेगवेगळी असू शकते, एकीच्या टोकाला रबराचं बुशिंग असतं. फोटो काढून ठेवा.

६. हब आणि नवी डिस्क

डिस्क अडकली असेल तर तिच्यावर दोन आटे असलेली भोकं आहेत का पाहा. बऱ्याच जपानी गाड्यांमध्ये ती एम८ ची असतात. त्यात दोन बोल्ट घालून आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा, डिस्क हबपासून बाहेर ढकलली जाते. होंडा आणि ह्युंदाईच्या डिस्कला बसके स्क्रूही असतात, ते आधी काढा. होंडाला त्यांचा टॉर्क १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. चाक बसेपर्यंत डिस्क जागेवर धरणं एवढंच त्यांचं काम आहे, म्हणून पुन्हा लावताना ताकद दाखवू नका.

हबचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाचा, पृष्ठभाग धातू चमकेपर्यंत घासा. तिथे राहिलेला गंजाचा एक पापुद्रासुद्धा डिस्कला तिरकं बसवतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना स्टीअरिंग थरथरू लागतं. मग दोष नव्या डिस्कला दिला जातो. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. डिस्क नेहमी दोन्ही चाकांची एकदम बदला, आणि पॅडही नवे टाका.

डिस्क बसवली की दोन चाकाचे नट हलके लावून ती हबला चिकटून राहील असं करा. नाहीतर ब्रॅकेट लावताना ती डुलते आणि मागे कचरा जातो.

७. आटे स्वच्छ आणि कोरडे

टॉर्क रेंच बोल्टाची पकड मोजत नाही. तो मोजतो फिरवायला लागलेला जोर. त्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, आणि उरलेल्या दहाएक टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो. तो ताणच ब्रॅकेटला नकलवर दाबून धरतो. एम१२ च्या कोरड्या बोल्टाला १०८ न्यूटन-मीटर दिले की ही दाब साधारण ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास जाते.

घर्षण बदललं की आकडा तोच राहून पकड बदलते. गंजलेल्या आट्यांवर सगळा जोर गंजातच संपतो, रेंच क्लिक देतो आणि बोल्ट ढिलाच असतो. आट्यांना तेल किंवा कॉपर ग्रीस लावलं तर उलट होतं: त्याच आकड्याला पकड सहज एक तृतीयांशाने वाढते आणि बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जातो. मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर आकडा कोरड्या आट्यांसाठीच धरा.

बोल्टाचे आटे तारेच्या ब्रशने घासा. नकलमधल्या भोकात ब्रेक क्लीनर मारा आणि फडक्याच्या पिळाने पुसा. जुन्या थ्रेडलॉकरचा निळा किंवा लाल थर पूर्ण काढा. आटे चपटे झालेले असतील, बोल्ट मध्येच बारीक झालेला दिसत असेल, तर तो बदला. नवा घेताना गाडीच्या कंपनीचाच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच मापाचा बोल्ट कमी ताकदीचा असू शकतो, आणि तो फरक डोळ्यांना दिसत नाही.

८. ब्रॅकेटचे बोल्ट

थ्रेडलॉकर सांगितलं असेल तर पुढच्या आट्यांवर दोन-तीन थेंब पुरे.

अ) ब्रॅकेट जागेवर धरा आणि दोन्ही बोल्ट बोटांनी फिरवा. निदान चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. अडकला तर उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. बोल्ट तिरका बसल्याची सूचना फक्त बोटांना मिळते. पान्याने किंवा इम्पॅक्ट गनने सुरुवात केली तर ती सूचना मिळतच नाही आणि नकलचे आटे कापले जातात. नकल ॲल्युमिनियमचं असेल तर ते आणखी लवकर होतं.

आ) दोन्ही बोल्ट साध्या पान्याने टेकेपर्यंत आणा. ब्रॅकेट नकलवर सपाट बसला आहे ना, मध्ये फट नाही ना, ते पाहा.

इ) रेंच निम्म्या आकड्यावर लावा, म्हणजे १०८ साठी ५५. आधी एक, मग दुसरा.

ई) पूर्ण आकड्यावर लावा आणि पुन्हा एकेक करून आवळा. मुठीच्या मधोमध धरा, सावकाश, एका ओढीत. क्लिक ऐकू आला की थांबा. ‘खात्रीसाठी’ दुसरा-तिसरा क्लिक घेऊ नका, प्रत्येक वेळी बोल्ट थोडा पुढे सरकतो. झटका दिला तर क्लिक यायच्या आतच आकडा ओलांडला जातो.

उ) बोल्टाच्या डोक्यापासून ब्रॅकेटवर जाणारी एक रेघ पेंट मार्करने ओढा.

सरळ एक्स्टेंशन लावलं तरी टॉर्क बदलत नाही. वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट मात्र लावू नका. पान्याच्या दांडीत पाइप घालून लांबी वाढवली तरी मोजमाप चुकतं.

बोल्ट बराच फिरतो आहे पण क्लिक येत नाही, हाताला मऊ लागतो आहे, असं वाटलं तर लगेच थांबा. आटे तरी जात आहेत किंवा बोल्ट ताणला जातो आहे. काढून पाहा. नकलचे आटे गेले असतील तर तिथे हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, बसवावी लागते किंवा नकल बदलावं लागतं. आट्यांना टेप गुंडाळून तोच बोल्ट पुन्हा लावण्याचा जुगाड ब्रेकला चालत नाही.

९. पिना आणि बारीक बोल्ट

पिना बाहेर काढून जुनं ग्रीस पुसा. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन जाम होते. जास्त ग्रीस भरलं तर आत हवा कोंडते, पिन परत बाहेर ढकलली जाते. पिन बोटाने आत-बाहेर सहज सरकली पाहिजे.

ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पातळी बघा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत घाला. ऑइल वर येतं, डबी भरून सांडलं तर रंग खातं.

कॅलिपर बसवा, पिनचे बोल्ट बोटांनी लावा, पिन पातळ पान्याने धरा आणि छोट्या रेंचने आकड्याला आवळा. इथे हाताला ‘एवढंच?’ असं वाटणार आहे. पंचवीस सेंटिमीटरच्या दांडीवर ३० न्यूटन-मीटर म्हणजे फक्त बारा किलोचा जोर. तेवढाच पुरतो. ब्रॅकेटसाठी वापरलेला मोठा रेंच हातात असताना आकडा बदलायचा राहिला, तर एम८ चा बोल्ट पिनमध्येच तुटतो. म्हणून छोटा रेंच वेगळाच ठेवा. इथेही रेघ ओढा.

१०. चाक, पेडल आणि पहिली फेरी

चाकाचे नट हाताने लावा, गाडी खाली घ्या, मग समोरासमोरच्या क्रमाने आकड्याला आवळा. कोरोलाला तो १०३, सिव्हिकला १०८. कमी-जास्त आवळलेले नट डिस्कला तिरकं दाबतात, आणि हब घासण्याची सगळी मेहनत वाया जाते.

गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेले असतात, म्हणून पहिल्या दोन-तीन दाबांत पेडल तळाला जातं. हे विसरून गाडी मागे घेतली तर ब्रेक लागणारच नाही. ऑइलची पातळी पुन्हा पाहा.

थ्रेडलॉकर लावलं असेल तर त्याला पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात. शक्य असेल तर गाडी तेवढा वेळ उभी ठेवा.

मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० किलोमीटर वेगापर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या. गरम असताना ब्रेक दाबून गाडी उभी करू नका.

या फेरीत कान उघडे ठेवा. पुढे जाताना ब्रेक लावला आणि ‘टक्’ झालं, मग रिव्हर्समध्ये ब्रेक लावल्यावर पुन्हा ‘टक्’, तर ब्रॅकेट हलतो आहे किंवा पॅडची क्लिप चुकीची बसली आहे. गाडी तिथेच थांबवा आणि बोल्ट पाहा. ब्रॅकेटचा बोल्ट गळून पडला तर कॅलिपर फिरून चाकाच्या रिमवर आदळतो. एका चाकाला वास किंवा जास्त उष्णता जाणवली तर पिन अडकली आहे.

शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट रेंचने तपासा. कॅलिपरच्या बोल्टांना मात्र पुन्हा पाना लावू नका, वाळलेल्या थ्रेडलॉकरची पकड त्याने तुटते. टॉर्च घेऊन मार्करच्या चार रेघा बघा. रेघ सरळ असेल तर बोल्ट जागेवर आहे. तुटलेली दिसली तर बोल्ट काढा, आटे साफ करा आणि सातव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.